टकळी फिरवा, आपला कापूस ओळखा

(जिल्हा मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भाव, कर्ज आणि विजेवर बोलणं झालं. जेवणंही झाली. आता डोळे मिटायची वेळ आहे आणि अध्यक्षांनी नेमकं मला उभं केलं. तेव्हा मी भाषण करत नाही, एक वस्तू दाखवतो.

मागच्या रांगेला दिसत नसेल, म्हणून सांगतो. वीतभर लांब पोलादी तार आहे. खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पितळेची चकती. वरच्या टोकाला आकडा. ही टकळी. ज्यांची सत्तरी उलटली त्यांनी ओळखली, कारण तेवढेच हसले. त्यांच्या मास्तरांनी त्यांना याच टकळीनं मारलंही असेल.

हसा, पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी खादीचा प्रचार करायला आलो नाही. सूत कातून शेतकऱ्याचं पोट भरेल असंही सांगणार नाही. भरत नाही. का भरत नाही त्याचा हिशेबच मी पुढं मांडणार आहे. टकळी आणली ती वेगळ्या कामासाठी.

एक प्रश्न विचारतो. मालदांडीची भाकरी आणि हायब्रीड ज्वारीची भाकरी डोळे बांधून ताटात वाढली तर ओळखाल का? ('ओळखू!') ओळखणारच. मायबहिणी तर पीठ मळतानाच सांगतील, हे कोणतं आहे आणि भाकरी थापताना चिरणार की नाही. पाऊस लागून काळी पडलेली ज्वारी दुकानदारानं तुमच्या गळ्यात मारून पाहावी, पोत्यात हात घातल्याबरोबर तुम्ही सांगाल. का? कारण ज्वारी आपण पेरतो, दळतो, थापतो आणि खातो.

आता दुसरा प्रश्न. तुमच्याच शेतातला दुसऱ्या वेचणीचा कापूस आणि शेवटची फरदड, दोन मुठी डोळे बांधून हातात दिल्या, तर धाग्यात फरक किती ते सांगाल? एकाची लांबी किती, दुसऱ्याची किती? कोणता पिकलेला, कोणता कच्चा? बघा, आता सभा शांत झाली. कापूस आपण पेरतो, वेचतो आणि गाडीत भरतो. पुढं काय होतं ते आपल्या घरातल्या कुणालाच हातानं ठाऊक नाही. ज्या मालाची चव आपल्याला कळत नाही त्याचा भाव दुसराच ठरवतो, आणि आपण त्याच्या तोंडाकडं बघत बसतो.

हे मला फुकट कळलेलं नाही. नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे, एकाधिकार खरेदी चालू होती तेव्हाची. खरेदी केंद्राचं नाव घेत नाही, ते महत्त्वाचं नाही. दोन रात्री गाडीखाली काढल्यावर नंबर लागला. ग्रेडर आला, ढिगात हात घातला, मूठभर कापूस काढून दोन्ही चिमट्यांत धरून ओढला आणि कागदावर खालचा ग्रेड लिहिला. मी भांडलो. म्हटलं, काय वाईट आहे याच्यात? पांढराशुभ्र माल आहे. तो म्हणाला, 'पाटील, याच्यात लांबी नाही आणि दमही नाही.' मला पुढं बोलता येईना. लांबी म्हणजे काय ते मला माहीत होतं, पण माझ्या कापसात किती आहे ते माहीत नव्हतं. तो खोटं बोलत होता की खरं, हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं. शंभर माणसांसमोर गप्प बसलो आणि काटापट्टी घेऊन घरी आलो.

घरी येऊन त्याला चार शिव्या दिल्या. माय ऐकत होती. ती म्हणाली, 'तू शाळेत टकळी शिकला होता ना? मंग पाह्य ना कातून, खरं का खोटं ते.'

आमची शाळा बुनियादी. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि हस्तोद्योगातून शिक्षण द्यायची कल्पना पुढं आली, त्यातल्या या शाळा. आमच्या वेळेपर्यंत त्यातला जीव बराच गेला होता, पण कताईचा तास होता. रोज टकळी, पेळू आणि आठवड्याला गुंडी. गुंडी म्हणजे चार फुटांचा एक असे ६४० तार. आम्ही तार मोजताना चोरी करायचो, मास्तर पुन्हा मोजायचे. सातवी झाली आणि टकळी ट्रंकेत गेली. पस्तीस वर्षांनी मायच्या बोलण्यावरून ती बाहेर काढली.

घरात राहिलेल्या कापसाच्या दोन मुठी घेतल्या आणि कातायला बसलो. पहिल्या मुठीतून हात सुटला, एक-एक हात तार निघत गेली. दुसऱ्या मुठीतून वीतभर तार निघायची आणि तटकन तुटायची. जी निघायची तिच्यावरही बारीक बारीक गाठी. तेव्हा कळलं. मी दुसऱ्या वेचणीच्या चांगल्या मालात फरदड मिसळून नेली होती. वाटलं होतं, चांगल्याबरोबर वाईटही खपून जाईल. झालं उलटं. वाईटाबरोबर चांगलंही खालच्या भावात गेलं. ग्रेडर अर्धा खरा होता, आणि उरलेला अर्धा दोष माझा होता. पुढच्या वर्षी ढीग वेगळे केले. चांगल्या ढिगाला वरचा ग्रेड मिळाला, फरदडीला खालचा. फार मोठी क्रांती झाली असं म्हणणार नाही, पण त्या वर्षी मी गप्प बसलो नाही.

आता कातायचं कसं ते सांगतो. सांगून निम्मंच कळतं, निम्मं हाताला कळायला आठवडा लागतो.

झाडावर पूर्ण उमललेली वीस-पंचवीस बोंडं घ्या. पाला, काडी वेचून काढा आणि थोडं ऊन द्या. सरकी बोटांनी सुटते, जास्त असेल तर पाटावर कापूस ठेवून वरून लोखंडी सळई दाबून फिरवली की सरकी पुढं निसटते आणि रुई मागं राहते. मग ती रुई बोटांनी मोकळी करायची, ओढायची नाही, नुसती उकलायची. ढगासारखी हलकी झाली की तिचा पातळ थर पाटावर पसरा, त्यावर एक बारीक काडी ठेवून गुंडाळा आणि काडी काढून घ्या. बोटाएवढा जाड आणि वीतभर लांब असा पेळू झाला. पेळू चांगला झाला तर अर्धी कताई झाली. आमचे मास्तर म्हणायचे, वाईट पेळूतून चांगलं सूत काढणारा अजून जन्मायचा आहे.

टकळीला हातभर जुना दोरा बांधा, वरच्या आकड्यातून घ्या. दोऱ्याचं टोक पेळूच्या टोकावर ठेवा. उजव्या हाताच्या चिमटीनं टकळीला गिरकी द्या, डाव्या हातातला पेळू हळूहळू वर न्या. टकळीतला पीळ दोऱ्यावरून धावत वर येतो आणि पेळूतले तंतू पकडतो. पेळू वर जातो तसे तंतू सरकत जातात, पीळ त्यांना बांधत जातो. हात पुरेसा वर गेला की थांबा, पीळ पक्का होऊ द्या, मग आकड्यातून सोडून सूत चकतीच्या वर दांडीवर गुंडाळा. ती कुकडी. पुन्हा आकडा, पुन्हा गिरकी.

सगळी गंमत ओढ आणि पीळ यांच्या मेळात आहे. पीळ आधी जास्त गेला तर तंतू सरकतच नाहीत, सुतळी होते. ओढ जास्त झाली तर तंतू सुटतात आणि सूत हातात येतं. पहिल्या दिवशी तुमच्या सुतात एकीकडं सुतळी आणि एकीकडं केस असा प्रकार होईल. होऊ द्या.

इथं एक बारीक गोष्ट आहे. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ चालता चालता लोकर कातत जातात, टकळी हवेत लोंबत फिरत असते. तसं आपण कापसावर करायला गेलो तर टकळी सारखी पायावर पडते. लोकरीचा तंतू लांब, तो वजन पेलतो. कापसाचा तंतू जेमतेम एक इंच. सूत तयार होत असताना त्याच्यावर टकळीचं वजन आलं की तंतू एकमेकांतून निसटतात. म्हणून कापसाची टकळी टेकवून फिरवायची, वाटीत किंवा करवंटीच्या तुकड्यात. सूत पक्कं झालं की मग खुशाल लोंबवा. ढाक्याची मलमल ज्या सुताची व्हायची ते कातणाऱ्या बायकाही बारीक चातीचं टोक शिंपल्यात टेकवून कातायच्या, तेही सकाळच्या दमट हवेत. हवा कोरडी पडली की तंतू ठिसूळ होतो. आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी कातायला बसाल तर चांगलाही कापूस तुटेल आणि तुम्ही त्याला उगाच दोष द्याल. सकाळी कातावं, नाहीतर शेजारी ओलं फडकं टांगावं. सूतगिरणीतही हवेत ओल सोडतात, ती कामगारांना गारवा मिळावा म्हणून नव्हे.

हे अवजार किती जुनं आहे? मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा निघाला, तो आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत तपासला गेला होता. ते सूत टकळीच्याच जातीच्या हातचातीवरचं, कारण तेव्हा चरखा नव्हता. चरख्याचा आपल्या देशातला अगदी जुना लेखी उल्लेख १३५० सालचा आहे, आणि तो इथल्याच दख्खनमध्ये, बहमनी राजवटीत इसामी नावाच्या कवीनं केलेला आहे. त्याआधीची हजारो वर्षं या देशानं जे नेसलं ते अशा चातीवर. फुटक्या मडक्याची खापरी घासून गोल केली, मध्ये भोक पाडून बांबूची काडी घातली की झाली चकती. आजही तसंच होईल. कुठल्या दुकानात जायला नको.

आता टकळी बोटाला काय सांगते ते बघू.

साधं २० नंबरचं सूत घेतलं आणि कुठंही आडवं कापलं तरी त्यात दीड-दोनशे तंतू असतात, आणि एका मीटरमध्ये सातशेच्या आसपास पीळ. तंतू लांब असेल तर तो शेजारच्याला लांबवर धरून ठेवतो, थोड्या पिळात काम भागतं. तंतू आखूड असेल तर जास्त पीळ द्यावा लागतो. कातताना हे लगेच जाणवतं. एका कापसाला दोन गिरक्या पुरतात, दुसऱ्याला तीन देऊनही तार टिकत नाही. ज्याला बाजार 'स्टेपल' म्हणतो ते हेच.

दुसरं, भरण. तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एक लांबच लांब पोकळ नळी. फूल आल्यापासून पहिले तीन आठवडे ती लांबीनं वाढते. त्यानंतरचे तीन-चार आठवडे आतून भरत जाते, भिंत जाड होते. बोंड फुटून वाळलं की नळी चपटी होते आणि तिला स्वतःचा नागमोडी पीळ पडतो. त्या नैसर्गिक पिळामुळंच कापूस कातता येतो. म्हणजे बघा, आपल्या कोरडवाहू शेतात पोळ्यानंतर पावसानं दडी मारली आणि तेव्हा फुलं-पात्या लागलेल्या असल्या, तर त्या बोंडांची लांबी मारली जाते. पाऊस नंतर हटला, किंवा बोंड किडलं, तर लांबी येते पण भरण येत नाही. असा कच्चा तंतू कातताना गुरफटतो आणि गाठी पडतात. त्याच गाठी पुढं कापडावर रंग न घेता पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. गिरणीवाला याला घाबरतो. तो मायक्रोनेअर नावाचा आकडा बघतो, त्यात बारकावा आणि भरण दोन्ही येतात. तुमचं बोट तोच प्रकार गाठींवरून ओळखतं. आकडा नाही देणार, पण कोणत्या वेचणीचा माल कच्चा आहे ते नक्की सांगेल.

यात पैसा आहे का? हमीभाव ठरवताना २४.५ ते २५.५ मिलिमीटरला मध्यम धागा धरतात आणि २९.५ ते ३०.५ मिलिमीटरला लांब धागा. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला क्विंटलला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर झाले. पाच मिलिमीटरचे चारशे रुपये. जिनिंगवाला गाठ विकताना लांबी, मायक्रोनेअर, ताकद आणि कचरा या चारही गोष्टींचा कागद जोडून विकतो. आपण विकताना काय जोडतो? ओलाव्याचं यंत्र खुपसतात तेवढं. तेही आपल्या बाजूनं फिरलेलं मी अजून पाहिलं नाही.

आता कबूल केलेला हिशेब.

मी वीस वर्षांपूर्वी, हात चालत होता तेव्हा, टकळीवर तासाला शंभर मीटरच्या आसपास कातायचो. माझ्यापेक्षा पटाईत माणूस यापेक्षा जास्त काढेल. मध्यम जाडीच्या एक चौरस मीटर कापडाला चार हजार मीटर सूत लागतं. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला दोन चौरस मीटर कापड, म्हणजे आठ हजार मीटर. माझे ऐंशी तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर दहा दिवस नुसतं कातायचं, विणणं आणि शिवणं वेगळं. सूतगिरणीतली एक चाती तासाला हजार मीटरच्या वर सूत काढते, आणि मध्यम गिरणीत अशा पंचवीस हजार चात्या असतात. चाती हा शब्द आपलाच, घरातला. तो तिकडं गेला आणि आपण इकडं राहिलो. सहकारी सूतगिरणीचे शेअर घेतलेले इथं किती जण आहेत? हात वर करू नका, दुपारच्या जेवणानंतर दुःखाच्या गोष्टी नकोत.

तर कताई हा पोटाचा धंदा यंत्रानं संपवला. आणि ही गोष्ट ज्या बाईवर पहिल्यांदा आली तिचं एक पत्र आहे. १८२८ साली बंगालमध्ये 'समाचार दर्पण' नावाच्या पत्रात छापलं गेलं. शांतिपूरची विधवा. तरुणपणी नवरा गेला, पदरात मुली. सूत कातून तिनं घर चालवलं, मुलींची लग्नं केली, घरातली क्रियाकर्मं केली. विणकर दारात येऊन सूत घेऊन जायचे. मग ते येईनासे झाले. चौकशी केली तेव्हा कळलं, विलायतेहून सूत येतं आणि ते तिच्या सुतापेक्षा स्वस्त पडतं. तिला वाटायचं, विलायतेतले सगळे लोक श्रीमंत असतात. आता तिला वाटलं, एवढ्या कमी पैशात कातणाऱ्या तिथल्या बायका आपल्यापेक्षाही गरीब असल्या पाहिजेत. तिला त्यांची कीव आली. पलीकडं बाई नव्हती, यंत्र होतं. तिला दिसत होता तो फक्त भाव, आणि भावामागं काय आहे ते सांगायला कुणी आलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा राहत होते तेव्हा त्यांनी नुसत्या कताईच्या मजुरीवर जगून पाहायचा प्रयोग केला. रोज आठ-आठ तास कातायचं आणि त्या वेळच्या दरानं जे मिळेल त्यात भागवायचं. भागत नव्हतं. उपदेश करणाऱ्यांनी स्वतः कातणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं तेव्हा हे दिसलं. १९३५ साली अखिल भारत चरखा संघानं ठराव केला, की आठ तास नीट काम करणाऱ्याला शरीराला लागेल एवढा आहार आणि अंगाला लागेल एवढा कपडा मिळेल इतकी मजुरी दिलीच पाहिजे. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी ओरड तेव्हाही झाली. तरी हिशेबाची दिशा बदलली. आधी गिऱ्हाईक काय देईल ते बघून कातणाऱ्याचं पोट कापायचं, ते थांबलं. आधी पोट मोजायचं आणि मग किंमत काढायची असं ठरलं. हे सांगताना माझी खादीशी असलेली सगळी भांडणं मी बाजूला ठेवतो. आपण आज ज्या उत्पादन खर्चाच्या हिशेबासाठी सभा घेतो तो एका टकळीवाल्यानं नालवाडीत मांडून पाहिला होता. मग जो कापूस त्या टकळीवर चढला तो पिकवणाऱ्याच्या आठ तासांचं काय, हा प्रश्न मला शाळेत पडला नाही. नांगर हातात आल्यावर पडला.

तोही हिशेब करून टाकू. त्या शर्टाच्या आठ हजार मीटर सुताला, गिरणीतली घट धरून, साधारण पाव किलोच्या थोडी वर रुई लागते. कापसाला ३४ टक्के उतारा धरला तर तो झाला पाऊण किलो कापूस. लांब धाग्याच्या हमीभावानं त्याचे होतात साठ रुपये. शर्ट कितीला घेतला ते तुम्ही घरी जाऊन बघा. मी आकडा सांगत नाही, कारण इथं काही मंडळी कडक इस्त्री करून आली आहेत. साठ रुपयांत बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी आली. वेचणारणीची मजुरी त्यातून वजा करून उरतं ते आपलं. तेही हमीभाव मिळाला तर.

हे सगळं मी हाताला पीळ बसल्याशिवाय असं मोजू शकलो नसतो. कापसातून शर्ट कसा होतो ते ऐकून माहीत होतं, पण पाऊण किलोचा शर्ट होतो हे कातल्यावर कळलं.

आता या हंगामात काय करायचं ते सांगून बसतो.

सीतादही झाली, वेचणी लागली, की प्रत्येक वेचणीतला ओंजळभर कापूस वेगळ्या पिशवीत ठेवा. पिशवीवर तारीख आणि वाण लिहा. त्यातला शंभर ग्रॅम मोजून सरकी हातानं काढा आणि रुई पुन्हा तोला. सोनाराचा काटा असेल तर उत्तम. रुई ३४ ग्रॅम भरली तर उतारा ३४. तुमच्या वाणाचा उतारा ३८ असेल आणि व्यापारी तुम्हाला सगळ्यांच्या बरोबरीनं मोजत असेल, तर वरच्या चार किलोंची रुई तो फुकट नेतो.

मग एक सरकी घ्या, रुईसकट. मध्यावर भांग पाडल्यासारखी रुई दोन्ही बाजूंना विंचरा, जुनी बारीक फणी चालते. फुलपाखरू झालं पाहिजे. काळ्या कापडावर ठेवून सरकीच्या कडेपासून टोकापर्यंत मुलांच्या पट्टीनं मोजा. बियाणं तयार करणारे शास्त्रज्ञही सरकीभोवतीची लांबी अशीच विंचरून मोजतात. प्रयोगशाळेचा आकडा आणि तुमचा आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण दोन वेचण्यांतला आणि दोन वाणांतला फरक लपणार नाही. एकाच सरकीवर भरवसा ठेवू नका, दहा तरी मोजा.

मग काता. ३४ मीटर सूत मोजून काट्यावर टाका. एक ग्रॅम भरलं तर ते २० नंबरचं. तेवढंच सूत पाऊण ग्रॅम भरलं तर तुमचा हात मास्तरांच्या वरचा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं लांब धाग्याचे देशी वाण काढले आहेत, कोरड्यात तग धरणारे. कुणी ते लावले असतील तर त्याचा पेळू मला आणून द्या, मला त्याची तार बघायची आहे. एके काळी हिंगणघाटच्या बाणी कापसाचं नाव विलायतेपर्यंत होतं, तोही देशीच. म्हणून सगळ्यांनी देशी लावा असं मी म्हणत नाही. आपल्या जमिनीत काय येतं आणि घेणारा कोण आहे ते बघून ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि फरदड मिसळू नका. माझ्यासारखं शंभर माणसांत तोंड बंद होईल.

पुढच्या तालुका बैठकीला प्रत्येक गावानं आपल्या तीन वेचण्यांच्या तीन कुकड्या आणाव्यात. वाटीभर पाणी, काळं कापड आणि पट्टी मी आणतो. आमच्या नातीनं बांबूच्या काडीला खापरी लावून बारा टकळ्या केल्या आहेत, त्या बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पैसे नकोत, मात्र नेणाऱ्यानं वहीत गावाचं नाव लिहून जावं. पहिल्या रांगेतल्या या ताई मघापासून पेळूकडं बघताहेत. या ताई, वर या. चिमटी अशी धरा. नाही, घट्ट नाही, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी. आता गिरकी द्या.